पातळी

सहा वर्षं मी यांच्या ताटातलं मीठ काढलं.
आमटी आधी यांची वेगळी, मग बाकीच्यांना मीठ.
लोणच्याची बरणी माळ्यावर, साड्यांच्या ट्रंकेमागं.
पापड पाहुणे आले तरच,
आणि तेव्हाही माझा डोळा यांच्या हातावर.

तरी वही सांगायची:
सकाळी सहा. एकशे अठ्ठ्याहत्तर, शहाण्णव. वाढ.
दुपारी दोन. एकशे चौऱ्याहत्तर, शहाण्णव. स्थिर.
पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं
आयर्विन पुलावर कृष्णेचे फूट-इंच लिहिलेला माणूस.
अक्षर तेच, निळी शाई तीच, शब्दही तेच.
फक्त 'उतार' हा शब्द या वहीत नव्हता.

मी म्हटलं, चोरून खाता.
हे म्हणाले, नाही.
मग मगदुमांच्या लग्नात भजी कुणी खाल्ली?
दोनच, म्हणाले.
त्या दोन भज्यांवर आमचा अख्खा श्रावण गेला.

गोळ्या एकीच्या तीन झाल्या, तिन्हीच्या चार.
रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे,
हे उठून अंधारात भिंतीला तळवे टेकून उभे,
त्याच भिंतीला, जिच्यावर दर उन्हाळ्यात
माझ्या खांद्याच्या उंचीला, सरळ रेघेत, लोणा फुटतो.
एकोणीसच्या पुराची ठेव.
खरवडलं, दोनदा रंग काढला.
भिंत मीठ सोडत नाही.

मिरजेच्या नव्या डॉक्टरीणबाई, शेडबाळे,
पोरसवदा, केसांना साधं रबर.
त्यांनी ताटाचं विचारलंच नाही.
रक्त काढलं, आठवड्यानं पुन्हा काढलं,
मग यांना त्या गोल यंत्रातून आत-बाहेर केलं.
"भूपाल पायगोंडा चौगुले!" आयानं ओरडून सांगितलं,
मी उभी राहिले, जसं नाव माझंच.

उजेडावर फिल्म धरून त्या म्हणाल्या,
हे मूत्रपिंड. आणि त्याच्यावर टोपीसारखी बसलीये ना,
ती अधिवृक्क ग्रंथी. वजन एका सुपारीचं.
वयानं तिच्यात बारीक गाठी होतात, केस पिकावेत तशा.
बहुतेक गप्प बसतात.
एखादी मात्र कुणाचा हुकूम न घेता राबत राहते,
मीठ धर म्हणते, पाणी धर, सोडू नको.
आजोबा कितीही अळणी जेवले तरी.

हे इतका वेळ गप्प. मग म्हणाले,
"म्हणजे खालची दारं बंद. फुगवटा."
बाईंना कळलं नाही. मला कळलं.
एकतीस वर्षं जेवताना तेच ऐकलंय:
वर कोयनेचा विसर्ग, खाली अलमट्टी,
आणि मधे पाणी चढलं की लोकांच्या शिव्या
पट्टी वाचणाऱ्याला.
हे माझ्याकडं बघत नव्हते.

दोन्हीकडं आहे, म्हणून कापायचं नाही, बाई म्हणाल्या.
एक वेगळी गोळी देते. मीठ मात्र कमीच ठेवा.
आणि आजोबा, छाती दुखली, भरल्यासारखी झाली,
तर लाजू नका, सांगा.
बाहात्तराव्या वर्षी हे कानापर्यंत लाल झाले.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून.
विश्रामबाग आलं तेव्हा विचारलं,
"खरंच दोनच होती ना भजी?"
हे बराच वेळ तिकिटाची घडी घालत बसले.
"चार," म्हणाले.
मला इतकं हसू आलं की कंडक्टर वळून बघायला लागला,
आणि त्या हसण्यातच कुठंतरी
माझे डोळे भरून आले, ते यांनी बघितलं नाही.
किंवा बघितलं असेल.

पाचव्या आठवड्यात वही ओट्यावर उघडी सापडली.
सकाळी सहा. एकशे अडतीस, ब्याऐंशी.
पुढं निळ्या शाईत एक शब्द,
त्याखाली पट्टी लावून ओढलेली रेघ.

त्या दिवशी दिवस मावळायच्या आत पानं वाढली.
माळ्यावरनं बरणी काढली, एक फोड घातली.
यांनी अर्धी खाल्ली, अर्धी माझ्या ताटात सरकवली,
"पुरे," म्हणाले, "सवय झालीय."

भिंतीला लोणा या वर्षीही आलाय.
खरवडायला गेले, आणि सहज बोट लावून जिभेवर टेकवलं.
खारट आहे.
पत्रा खाली ठेवला, पोलकं झटकलं,
आणि दूध उतू जातंय म्हणून आत पळाले.